घरच्या टँकमध्ये न्यूटची पिल्लं काढायची असतील तर

न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, पण बेडकासारखा उभयचर असलेला छोटा प्राणी. तो पाळणाऱ्या बऱ्याच जणांकडून एकच गोष्ट ऐकायला मिळते, अंडी मिळाली पण पिल्लं टिकली नाहीत. आणि ते खरंय. न्यूटकडून अंडी मिळवणं तसं अवघड नाहीये, नरमादी तब्येतीने धडधाकट असले आणि त्यांना वर्षातून एकदा नीट थंडी मिळाली की पुढचं ते आपलं आपण करतात. खरं काम सुरू होतं अंडं फुटल्यावर, कारण ते पिल्लू फक्त जिवंत आणि हलणारं खाणं खातं, तेही डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं बारीक, आणि रोज. त्यामुळे सगळ्यात आधी हेच सांगतो की पिल्लांच्या खाण्याची सोय अंडी दिसायच्या आधी करून ठेवा. अंडी दिसल्यावर आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, तोच पिल्लांचं पहिलं खाणं) अंडी मागवायला बसलात तर कदाचित वेळेत येतील, कदाचित नाही, आणि पिल्लं तेवढे दिवस उपाशी थांबत नाहीत.

आधी कोणता न्यूट घ्यायचा ते बघू, कारण सगळ्यांची तऱ्हा सारखी नसते. सगळ्यात जास्त मिळतो तो चायनीज फायर बेली न्यूट, म्हणजे सायनॉप्स ओरिएंटॅलिस, साधारण ६ ते १० सेंटीमीटर, दिसायला पालीसारखा पण खवले नसलेला, वरून काळपट आणि पोट भडक नारिंगी. जपानी फायर बेली, म्हणजे सायनॉप्स पायरोगॅस्टर, हा त्याच्यापेक्षा मोठा, ९ ते १४ सेंटीमीटर, कातडी खरखरीत आणि डोळ्यांच्या मागे ग्रंथींचे फुगवटे ठळक दिसतात. दुकानात या दोघांची नावं सर्रास अदलाबदल होतात म्हणून नावावर जाऊ नका, कातडी आणि ते फुगवटे बघा. दोन जाती एका टँकमध्ये ठेवायच्या नाहीत, एकतर संकर होऊ शकतो, आणि दुसरं म्हणजे एका जातीला न बाधणारा आजार दुसरीला मारू शकतो.

पहिल्यांदाच करणार असाल तर माझं मत विचाराल तर रिब्ड न्यूट घ्या. स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोमधला हा न्यूट, प्लुरोडेलीस वॉल्टल, जरा दांडगा असतो, १५ ते २० सेंटीमीटर तर सहज होतो, त्यामुळे टँक मोठा लागतो. पण त्याचा मोठा फायदा असा की याची पिल्लं मोठी झाल्यावर जमिनीवर जायचा हट्ट धरत नाहीत, आयुष्यभर पाण्यातच राहू शकतात. फायर बेलीच्या पिल्लांचं तसं नाही, ती पाण्यातून बाहेर पडतात आणि एकदोन वर्षं जमिनीवर काढतात आणि तिथेच भल्याभल्यांचा धीर सुटतो. क्रेस्टेड आणि मार्बल्ड न्यूट दिसायला फार देखणे, पण त्यांच्यात गुणसूत्रांचा एक जन्मजात घोळ आहे, त्यामुळे जवळपास निम्मी अंडी आतल्या आत मरतात, कितीही काळजी घ्या. हे माहीत नसलं की माणूस उगाच पाण्याला नाहीतर स्वतःला दोष देत बसतो.

जोडी घेताना शक्यतो घरी जन्मलेलीच घ्या. दुकानातले चायनीज न्यूट बहुतेक वेळा रानातून पकडून आणलेले असतात, प्रवासात उपाशी राहिलेले, अंगात जंत, कधी कातडीवर जखमा. असे न्यूट महिनोन्महिने सावरत नाहीत, त्यांच्याकडून लगेच अंड्यांची अपेक्षा करणं बरोबर नाही. शिवाय घरी पिल्लं काढण्यामागचं मोठं कारणच ते आहे ना, की रानातून कमी उचलले जावेत. चीनच्या युन्नान प्रांतात कुनमिंगजवळच्या तळ्यात सायनॉप्सचाच एक भाऊबंद राहायचा, पाण्याचं प्रदूषण, भराव आणि बाहेरून आणून सोडलेले मासे आणि बेडूक, यात तो कायमचा संपला. सायनॉप्सपैकी बाकीचे आहेत तोवर त्यांना जपायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि क्वारंटाइन. यात अजिबात सूट नाही. २०१३ मध्ये एक नवीन बुरशी शास्त्रज्ञांनी शोधून काढली, बीसाल म्हणतात तिला, नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर (न्यूटचेच भाऊबंद) तिने जवळपास संपवले होते. ही बुरशी मूळची आशियातली, आणि आशियातले काही न्यूट ती अंगावर बाळगूनही ठणठणीत दिसतात. अमेरिकेने तर याच भीतीने २०१६ मध्ये सॅलॅमँडर आणि न्यूटच्या २० गटांच्या (एका गटात जवळच्या अनेक जाती येतात) आयातीवर बंदी घातली, सायनॉप्स त्यात आलाच. टायलोटोट्रायटन आणि पॅरामेसोट्रायटन हे न्यूटचे दोन गट २०१९ पासून सायटीसच्या, म्हणजे रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहेत. म्हणून घ्यायच्या आधी आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते बघून घ्या, कागद असतील तर मागून घ्या, आणि नवीन आणलेला न्यूट किमान दोन महिने वेगळ्या टँकमध्ये ठेवा, त्याची जाळी, पाइप, बादली सगळं वेगळं. कातडी सतत सुटतेय, अंगावर व्रण दिसतायत, खात नाहीये असं काही दिसलं तर प्राण्यांच्या डॉक्टरला दाखवा, औषधं अंदाजाने टाकू नका, न्यूटच्या कातडीतून सगळं आत शोषलं जातं.

तसंच हात. फायर बेलीच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, पफर माशातलं तेच विष. नुसता हात लागल्याने काही होत नाही पण डोळ्याला, तोंडाला, जखमेला लागता कामा नये, त्यामुळे हाताळायच्या आधी आणि नंतर हात धुवायचे, आधी धुताना साबण पूर्ण निघून जाईल असे. लहान मुलं असतील घरात तर झाकणाला क्लिप लावाच.

टँक कसा लावायचा

चायनीज फायर बेलीच्या दोनतीन न्यूटना ६० सेंटीमीटर लांबीचा, ५०-६० लिटरचा टँक पुरतो. जपानीला थोडा मोठा, रिब्ड न्यूटला ८०-१०० लिटर धरा. पाणी २०-३० सेंटीमीटर खोल चालतं, वर एखादा तरंगणारा कॉर्कचा तुकडा किंवा दगडांचा उंचवटा, म्हणजे वाटेल तेव्हा बाहेर येता येईल. झाकण घट्ट बसणारं आणि जाळीचं पाहिजे, ओल्या अंगाने हे काचेवर सरळ चढतात आणि बोटभर फट सुद्धा त्यांना पुरते, आणि एकदा बाहेर पडले की कपाटामागे वाळून जातात.

हीटर लावायचा नाही. हे ठळक सांगतोय कारण माशांची सवय असलेला माणूस पहिलं काम तेच करतो. न्यूट थंड पाण्यातला प्राणी, १६ ते २० अंश सेल्सिअस त्याला मानवतं, २४-२५ च्या वर पाणी गेलं आणि तसंच राहिलं की खाणं सोडतो, अंगावर बुरशी धरते. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला तर दोनचार अंश उतरतात, तेवढ्याने भागत नसेल तर चिलर (पाणी गार करणारं यंत्र), आणि चिलर परवडणार नसेल आणि घर गरम राहत असेल तर हा छंद नको, खरंच नको.

फिल्टर स्पंजचा, हवा कमी सोडलेला. न्यूटना वाहतं पाणी आवडत नाही, जोराच्या प्रवाहात नर नीट नाचू पण शकत नाही (नाचाचं पुढे सांगतो). टँक आधी सायकल झालेला हवा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढलेले आणि अमोनिया आणि नायट्राइट शून्य, टेस्ट किटने बघून. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच पाणी टाका. आणि झाडं भरपूर, मऊ पातळ पानांची, एलोडिया, हायड्रिला, जावा मॉस, कारण मादी अंडं पानात गुंडाळून ठेवते, कडक जाड पानं तिच्या कामाची नाहीत.

नर कोण मादी कोण

सीझन नसताना ओळखणं कठीण जातं, सीझनमध्ये एकदम सोपं. मागच्या पायांच्या मध्ये शेपटीच्या बुडाशी जो उंचवटा असतो, क्लोएका, तो नराचा चांगला गोल फुगतो, मादीचा लहान आणि टोकदार राहतो. मादी अंगाने भरलेली, वरून बघितलं तर पोट दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं. जपानी नराच्या शेपटीवर तर या दिवसांत निळसर जांभळी झाक चढते, फार सुंदर दिसते ती. रिब्ड न्यूटच्या नराच्या पुढच्या पायांवर आतून काळे खरखरीत पट्टे येतात. एका नराला दोन माद्या असं ठेवलं तर बरं, नर जास्त झाले की मादीला एक मिनिट स्वस्थ बसू देत नाहीत आणि ती पाण्याबाहेरच जाऊन बसते.

थंडी दिल्याशिवाय होत नाही

बऱ्याच जणांकडे जोडी वर्षानुवर्षं असते, खातेपिते, तरी अंडी नाहीत. दहातल्या नऊ वेळा कारण एकच, पाणी बारा महिने एकाच तापमानाला. न्यूटच्या शरीराला वसंत आलाय हे कळतं ते आधी हिवाळा होऊन गेला तरच. शरद ऋतूत चांगलं खाऊ घाला, गांडुळाचे तुकडे, ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या), मग तापमान हळूहळू उतरवायचं, दर तीनचार दिवसांनी एकदोन अंश, आणि दिवे पण कमी करत ८ तासांवर आणायचे. गार खोली, तळघर, बंद बाल्कनी, जिथे जमेल तिथे. ८ ते १० अंशांवर सहा ते आठ आठवडे काढले की उत्तम, चायनीज फायर बेलीला १२-१३ अंशांनी सुद्धा बऱ्याचदा भागतं. गार पाण्यात ते जवळपास खात नाहीत, जबरदस्ती करू नका, टाकलेलं पडून सडतं. मात्र हडकुळा, आजारी किंवा नुकताच आणलेला न्यूट थंडीत घालायचा नाही, त्याच्याकडे साठाच नसतो.

घर मुळातच गरम असेल तर काही जण न्यूटना हवेची भोकं पाडलेल्या डब्यात, ओल्या मॉसमध्ये ठेवून फ्रिजमध्ये ५-६ अंशांवर ठेवतात. जमतं ते, पण आधी तापमान पायरीपायरीने उतरवलेलं असलं पाहिजे, थर्मामीटर आत पाहिजे, आणि आठवड्यातून दोनदा तरी उघडून बघायला पाहिजे. नवख्या माणसाने तो मार्ग धरू नये असं मी म्हणेन.

मग उलटं सुरू करायचं. तापमान हळूहळू १६-१८ पर्यंत वर, दिवा आठ तासांवरून बारा-तेरा तासांवर, खाणं भरपूर, मादीला तर विशेष, आणि मधे एकदा अर्धं पाणी बदलायचं, नवीन पाणी टँकपेक्षा दोन अंश गार असलेलं. पाऊस पडून तळ्यात ताजं पाणी आल्यासारखं त्यांना वाटत असावं, पण या पाणी बदलानंतर दुसऱ्यातिसऱ्या दिवशी नर कामाला लागलेला मी पुष्कळदा बघितलाय.

तो नाच बघण्यासारखा असतो. नर मादीच्या पुढ्यात आडवा येतो, तिची वाट अडवतो, शेपूट अंगाच्या बाजूने वळवून तिच्या नाकाकडे आणतो आणि टोक इतक्या वेगाने थरथरवतो की पाण्यातला कचरा तिच्या तोंडावर येताना दिसतो. नुसता दिखावा नाहीये तो, त्या पाण्याबरोबर तो स्वतःचा वास तिच्याकडे ढकलत असतो. जपानी न्यूटच्या नराच्या क्लोएकातून निघणारं सोडेफ्रिन नावाचं रसायन १९९५ मध्ये शोधलं गेलं, फक्त १० अमिनो आम्लांची साखळी, पण मादी त्याच्याकडे ओढली जाते. मादी तयार असली की नर पुढे चालायला लागतो, ती त्याच्या शेपटीला नाक लावते, आणि तो तळाला बीजाची एक पांढरी बारीक पुडी टाकून पुढे सरकतो. मादी त्या पुडीवरून चालत जाऊन ती आपल्या क्लोएकात ओढून घेते. म्हणजे प्रत्यक्ष मीलन नाही, पण अंड्यांचं फलन मादीच्या पोटातच होतं. तळ खडबडीत गोट्यांचा असेल तर पुडी फटीत जाते, म्हणून तळाला बारीक वाळू किंवा काहीच नको. (रिब्ड न्यूटचं वेगळं, तिथे नर मादीच्या खाली जाऊन तिचे पुढचे पाय आपल्या पायांनी धरून ठेवतो, तासन्तास, घाबरून सोडवायला जाऊ नका.)

मादी ते बीज पोटात महिनोन्महिने जपून ठेवू शकते. शरद ऋतूत जुगलेली मादी वसंतात एकटीच असली तरी चांगली अंडी घालते. १९९४ मध्ये कोलंबिया यानातून जपानी न्यूटच्या माद्या अंतराळात नेल्या होत्या, सोबत नर नाही, तरी त्यांनी तिथे फलित अंडी घातली, याच जोरावर. सांगायचा मुद्दा, नर मेला किंवा वेगळा केला म्हणून आशा सोडू नका.

अंडी

नाचानंतर काही दिवसांनी मादी झाडांत घुटमळताना दिसली की समजायचं. ती एकेक पान नाकाने हुंगत जाते, मनासारखं मिळालं की मागच्या दोन्ही पायांनी धरून दुमडते, त्या घडीत एकच अंडं सोडते आणि चिकट जेली पकडेपर्यंत तशीच धरून बसते, दोनतीन मिनिटं हलत नाही. मग पुढचं पान. असं आठवड्यामागून आठवडे चालतं, फायर बेलीची मादी एका सीझनला शंभर-दोनशे अंडी सहज घालते, जपानी त्याहून जास्त. रिब्ड न्यूट मात्र घोसाने घालते, एका वेळी शेकड्यांनी, त्यामुळे आधीच ठरवा किती पिल्लं सांभाळायची. सगळी वाढवायचा मोह होतो, पण शंभर पिल्लं म्हणजे रोजचं दोन तासांचं काम, पहिल्या वर्षी वीसतीस पुष्कळ झाली.

मोठे न्यूट स्वतःची अंडी खातात, अगदी आवडीने, त्यामुळे अंडी किंवा मोठे, दोन्हीपैकी एकाला हलवायलाच लागतं. अंडं पानावरून खरवडू नका, पान देठासकट तोडून पसरट डब्यात ठेवा. झाडं सारखी तोडायची नसतील तर जाड प्लास्टिक पिशवीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून, एका टोकाला खडा बांधून टँकमध्ये सोडा, माद्या त्या पट्ट्यांमध्येही बिनधास्त अंडी घालतात आणि पट्टी उचलून नेणं सोपं. डब्यात टँकचंच पाणी, सातआठ सेंटीमीटर खोल, १८-२० अंश, थेट ऊन नको.

अंडं साधारण दोन मिलिमीटरचं, भोवती पारदर्शक जेली. भिंग असेल तर रोज बघा, खरंच बघा, यासारखं दुसरं काही नाही. आधी नुसता गोळा, मग काही दिवसांत तो लांबट होतो, वाकतो, एका टोकाला डोकं कळायला लागतं, मग शेपटी, मानेपाशी कल्ल्यांचे कोंब, आणि शेवटी आतल्या आत झटका देऊन कूस बदलतं. ज्यात काहीच होत नाही आणि जे पांढरं पडून कापसासारखं व्हायला लागतं ते फलित नसलेलं किंवा मेलेलं, ते लगेच काढा नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते. १८-२० अंशांना फायर बेलीची अंडी साधारण तीन आठवड्यांत फुटतात, गार पाण्यात जास्त वेळ लागतो.

आर्टेमिया, म्हणजे खरी परीक्षा

पहिलं अंडं डोळे दाखवायला लागलं की आर्टेमिया लावायला सुरुवात करा. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, बाटली उलटी करून किंवा निमुळत्या तळाची, एअर पंपाची नळी अगदी तळापर्यंत आणि हवा जोरात, म्हणजे अंडी तळाला बसत नाहीत. २५-२८ अंश आणि उजेड असला की २४ ते ३६ तासांत फुटतात. मग हवा बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं, टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, आणि बाटलीच्या खालच्या अर्ध्यात एका बाजूला टॉर्च लावला की नारिंगी ढग उजेडाकडे गोळा होतो. तो ढग नळीने ओढून बारीक कापडातून गाळायचा आणि गोड्या पाण्याने धुवायचा, खारं पाणी पिल्लांच्या डब्यात जाता कामा नये. दोन बाटल्या ठेवा, एक दिवस ही एक दिवस ती, म्हणजे रोज ताजं मिळतं. एक लावायची राहिली तरी दुसरी असते.

नुकतं फुटलेलं पिल्लू सेंटीमीटरभरही नसतं, पाय नाहीत, मानेजवळ पिसासारखे कल्ले आणि गालांपाशी दोन काड्यांसारखे टेकू, ज्यांच्या आधाराने ते तळावर उभं राहतं, काही दिवसांत ते टेकू गळून जातात. पहिले एकदोन दिवस पोटातल्या बलकावर भागतं, तेव्हा काही टाकू नका. पोटातला पिवळेपणा गेला आणि ते जवळून जाणाऱ्या कणाकडे डोकं वळवायला लागलं की खाणं सुरू. पोट नारिंगी दिसलं म्हणजे खाल्लं, इतकं सोपं आहे ओळखणं, कातडी पारदर्शक असते ना. सुरुवातीला दिवसातून दोन वेळा, थोडं थोडं. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतो आणि मेलेला तळाला पडून पाणी खराब करतो, म्हणून रोज ड्रॉपरने तळ साफ करायचा आणि तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, तेवढ्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. पिल्लं मरतात ती बहुतेक उपासाने किंवा या घाण पाण्याने. बारीक डॅफ्निया (पाणपिसवा) मिळत असतील तर फारच छान, ते खाईपर्यंत पाण्यात जिवंत राहतात. मायक्रोवर्म (अगदी बारीक जंत) चालतात, पण लगेच तळाला बसतात. कोरडी पावडर, माशांचा फूड, उकडलेला बलक यातलं काही चालत नाही.

बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी येतात, न्यूटच्या पिल्लाला पुढचे. मागचे यायला आणखी काही आठवडे. या काळात गर्दी आणि भूक एकत्र आली की ती एकमेकांचे पाय, कल्ले, शेपटीचं टोक खातात. पाय परत येतो, न्यूटची ही ताकद अफाट आहे, जपानी न्यूटच्या डोळ्याचं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं आणि प्रत्येक वेळी नवीन आलं हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. पण परत येतं म्हणून खाऊ द्यायचं असं नाही, जखमेला बुरशी लागून लहान पिल्लू जातं. लिटरला दोनतीनपेक्षा जास्त नकोत, डब्यात मॉसचे झुबके टाका म्हणजे एकमेकांना दिसत नाहीत, आणि आकाराने मोठी झालेली वेगळी काढत राहा. दोन सेंटीमीटरच्या पुढे गेली की चिरलेले ट्युबिफेक्स (दोऱ्यासारखे लाल जंत), मोठे डॅफ्निया, मग चिमट्याने हलवून दाखवलेला ब्लडवर्म. हलवला नाही तर बघत पण नाहीत.

बाहेर पडायची वेळ

तापमान आणि खाण्यावर अवलंबून दोन ते चार महिन्यांत फायर बेलीचं पिल्लू बदलायला लागतं. कल्ले आखूड होतात, शेपटीवरचा पातळ पडदा कमी होतो, पोटावर रंग यायला लागतो, खाणं मंदावतं आणि ते सारखं पाण्याच्या वरच्या थरात लटकलेलं दिसतं. ही खूण दिसली की त्याच दिवशी पाणी तीनचार सेंटीमीटरवर आणा आणि मॉसचा किंवा कॉर्कचा उतार करा, उभी कड चालत नाही. कल्ले गेलेलं पिल्लू खोल पाण्यात बाहेर यायला जागा नसली तर बुडून मरतं, न्यूट असून. झाकण आता दुप्पट काळजीने लावा, इतकं हलकं पिल्लू ओल्या काचेवर कुठेही जातं.

जमिनीवर आलेल्या पिल्लांसाठी हवेशीर प्लास्टिकचा डबा, तळाला ओला टिश्यू पेपर किंवा कोकोपीट, झाडाच्या सालीचे तुकडे लपायला, एक कोपरा ओला आणि एक थोडा सुका, म्हणजे त्याला हवं ते ते निवडतं. सगळा डबा चिखल करू नका. सुरुवातीला टिश्यू पेपर बरा, कारण खाल्लं की नाही ते दिसतं. खाणं म्हणजे स्प्रिंगटेल (ओलसर जागी राहणारे, उड्या मारणारे बारीक किडे), न उडणाऱ्या फ्रूट फ्लाय, बारीक चिरलेलं गांडूळ. स्प्रिंगटेलचा डबा दोन महिने आधीच लावून ठेवायचा, वाढायला वेळ लागतो त्याला. आठवड्यातून एकदोनदा फ्रूट फ्लायवर कॅल्शियमची पावडर भुरभुरवा. काही पिल्लं गांडुळाचा तुकडा चिमट्यातून घ्यायला शिकतात, नाकासमोर अगदी हळू हलवायचा, तोंडावर आपटायचा नाही, आणि ती एकदा शिकली की तुमचं अर्धं ओझं उतरतं. जे चारपाच दिवस खात नाही ते वेगळं काढून शांत डब्यात एकटं ठेवा, बऱ्याचदा नुसत्या गर्दीनेच बुजलेलं असतं.

यातलं एखादं पिल्लू वर्षभरातच स्वतःहून पाण्याच्या थाळीत जाऊन बसायला लागतं, एखादं दोन वर्षं जमिनीवरच. सक्तीने पाण्यात टाकायचं नाही. उथळ थाळी, भरपूर झाडं आणि बाहेर यायला सोपी वाट ठेवली की तयार झाल्यावर ते आपणच उतरतं, मग हळूहळू पाणी वाढवत न्यायचं. पूर्ण वयात येऊन स्वतः अंडी घालायला फायर बेलीला साधारण दोन ते तीन वर्षं लागतात.

जास्तीची पिल्लं तलावात, विहिरीत, ओढ्यात सोडायची नाहीत, टँकचं पाणी आणि झाडंसुद्धा तिकडे टाकायची नाहीत, बीसालसारखी बुरशी अशीच पसरते. कोणाला देणार असाल तर पिल्लू बदलून जमिनीवर आल्यावर निदान तीन महिने नीट खातंय हे बघून मगच द्या, आणि सोबत स्प्रिंगटेलचा एक छोटा चालू डबा, जातीचं नाव, जन्माचा महिना, आणि आईबाप कुठून आले ते लिहिलेला कागद. घेणाऱ्याने पुढे जोडी लावायची म्हटलं तर सख्खी भावंडं टाळायला तोच कागद लागतो.